झालं असं धरायचं

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. मागच्या खेपेला मी इतकी ओरडून बोलत होते की पेशंटना वाटलं, सिस्टर घरच्यांशी भांडतायत.

बाबा बरे आहेत. बरे म्हणजे आहेत तसे आहेत. उजवी बाजू अजून हलत नाही आणि वाचा गेली ती गेलीच. माझ्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या पलंगावर ठेवलंय, त्यामुळे येता-जाता डोकावता येतं. कंडक्टरकी मात्र सुटलेली नाही. डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या कठड्यावर आपटून सगळ्या वॉर्डावर राज्य करतात. दोन ठोके म्हणजे चला. एक ठोका म्हणजे थांबा, कोणीतरी राहिलंय. परवा जेवणाची गाडी समोरच्या पेशंटला न वाढताच पुढे निघाली, तर यांचा एक ठोका! मावशींनी गाडी जागच्या जागी उभी केली. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आयाबाई. त्या माझ्या आधीपासून इथे आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते असा त्यांचा समज आहे. बाबांना पडदा ओढलेला खपत नाही. दार दिसलं पाहिजे, कोण चढलं कोण उतरलं ते कळलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. वरून हुकूम आलाय की प्रत्येक वॉर्डाने आगीची ड्रिल नियमित करायची. आमची पहिली ड्रिल म्हणजे नुसती फजिती. घंटा वाजताच सगळ्यांत आधी डॉक्टरसाहेब जिन्यातून खाली. वॉर्डबॉय मामा आग विझवायचं नळकांडं खांद्यावर घेऊन भलत्याच दिशेला. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या, "आग कुठाय ते आधी दाखवा, मग मी पळते." मला हसू आवरेना.

पण मग बाबांची पाळी आली. मी आणि मामांनी त्यांना चादरीसकट जमिनीवर उतरवलं आणि ओढत दारापर्यंत नेलं. ताई, त्यांना वाटलं खरंच आग लागलीय. डोळे असे झाले की मला बघवेना. एक ठोका द्यायला हात उचलत होते, पण जमिनीवर कठडा कुठला? अंथरुणात सगळं झालं. मी पुसत होते आणि ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून रडत होते. दोन दिवस चमचाभर पेज घेतली नाही.

आता पुढची ड्रिल तोंडावर आलीय. तू इतकी वर्षं मेट्रन होतीस. सांग ना, काय करू?

तुझी बुटकी

———

११ फेब्रुवारी

बुटके,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग शेवटचा भाग वाचून चष्मा काढून बसले. बाबांच्या हातून आयुष्यात कधी कोणापुढे असं झालं नव्हतं गं. बसमध्ये उभ्याने बारा तास काढणारा माणूस तो.

ऐक. ड्रिलला हसू नकोस. संकटात डोकं पळून जातं, हात तेवढे मागे राहतात. जे हातांना शिकवलं असेल तेवढंच होतं. तू विचार करशील, मग ठरवशील, असं त्या वेळी काही नसतं. म्हणून एकच गोष्ट एकाच क्रमाने, कंटाळा येईपर्यंत. मावशींनी कुठे उभं राहायचं, मामांनी कोणत्या टोकापासून सुरुवात करायची, ऑक्सिजनचा कॉक कोणी बंद करायचा, सगळं ठरलेलं हवं. पलंग रिकामा झाला की त्याची उशी पायथ्याला उभी करून ठेवायची. धुरात वाकून, चाचपून बघत बसायला नको. उशी उभी दिसली की पुढे. खाली गेल्यावर डोकी मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. हे मी जितक्या मुलींना शिकवलं त्यातली एकही गडबडली नाही.

आता बाबांचं. जे पेशंट हलवण्यासारखे नसतात त्यांना ड्रिलमध्ये कोणी हलवत नाही, खुळे. त्यांचं झालं असं धरायचं. घंटा वाजली की तू स्वतः आधी बाबांकडे जा, पडदा ओढून घे म्हणजे धावपळ दिसणार नाही. त्यांना सांग की सरावच आहे, डोळे मिटून पडा. बाहेर उशी उभी कर, म्हणजे कोणी चुकून आत शिरणार नाही. खालच्या आकड्यात एक मिळवून सांग. इतकं सोपं आहे. घोडं कशाला अडवून ठेवतेस?

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. नंतर काही महिने प्रवास बंद. लंगडी आणि बहिरी, दोन्ही एकाच बाईत. बाबांना सांग की ताई बरी आहे.

तुझी ताई

———

२० मार्च

प्रिय ताई,

तू म्हणजे खरंच मेट्रन आहेस. आमची ड्रिल आता अशी होते की बघत राहावं. घंटा वाजली की मावशी न सांगता खिडकीच्या रांगेकडे, मामा जिन्याच्या टोकाकडे. कॉक बंद. चादरीवरून ओढायची युक्ती इतकी जमलीय की मी, या एवढ्याशा उंचीची, पलंगभर मोठा पुरुष एकटी दारापर्यंत नेते. मामा म्हणतात, "सिस्टर, तुम्हाला हमालीचा परवाना काढून देऊ का?" अधीक्षक स्वतः येऊन बघून गेले आणि दुसऱ्या वॉर्डांना आमचं उदाहरण देतात. मावशींची मान तेव्हापासून ताठ आहे.

बाबांचा तर प्रश्नच मिटला. घंटा झाली की मी पहिली त्यांच्याकडे जाते. पडदा ओढते आणि म्हणते, "बाबा, सरावच आहे. डोळे मिटा." ते दोन ठोके देतात, चला, आणि लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटून घेतात. मी उशी उभी करते आणि पुढच्या कामाला लागते. सगळं संपलं की परत येते, पडदा सारते आणि सांगते, "झालं, बाबा." मग डोळे उघडतात. परवा तर हसले, डाव्या बाजूने. त्यांना आता ड्रिल आवडायला लागलीय की काय कोण जाणे. माझ्यावर इतका विश्वास त्यांनी पूर्वी कधी टाकला होता असं आठवत नाही. नर्सिंगला जाते म्हटल्यावर आठवडाभर बोलले नव्हते, आठवतंय?

ऑपरेशननंतर चालायला घाई करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तुझी बुटकी

———

१९ मे

ताई,

शेजारच्या काकूंनी तुला निरोप दिला असेल. त्यांनाच सांगायला लावलं, माझ्या हातून फोन झाला नसता.

वॉर्डाशेजारच्या कपड्यांच्या कोठीत वायर जळली. आगीपेक्षा धूर जास्त. दुपारची वेळ होती, माणसं होती, सगळे पेशंट बाहेर आले. बाबा तेवढे राहिले.

त्यांना त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. अग्निशमनवाल्यांनी आणलं तेव्हा चेहरा शांत होता. पडदा ओढलेला होता, डोळे मिटलेले होते. झोपेतच गेले असं समज. मीही तसंच समजते आहे.

सगळं रीतसर झालं. तू येऊ शकली नाहीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांची अंगठी माझ्याकडे आहे.

चौकशी बसलीय. कोपऱ्याकडची बाजू मावशींकडे होती, म्हणून त्यांना तूर्त घरी बसवलंय. जास्त लिहवत नाही.

बुटकी

———

२८ मे

बुटके,

बाबा गेले आणि मी इथे पाय उशीवर ठेवून पडलेले. डोळ्यांतलं पाणी संपलं की राग येतो आणि राग ओसरला की पुन्हा पाणी. दिवस असे जातायत.

झोपेतच गेले असं समज म्हणतेस. बरं. पण मी आयुष्य वॉर्डात काढलंय, मला कोणी काही समजवू नये. दाराच्या पेशंटपासून खिडकीच्या पेशंटपर्यंत सगळे बाहेर येतात आणि एक म्हातारा माणूस राहतो, हे आपोआप होत नाही. कोणाची तरी बाजू होती, आणि कोणीतरी बघितलं नाही. भर दुपारी पडदा ओढलेला का होता? बाबांना पडदा खपत नसे हे त्या तुझ्या मावशीला ठाऊक होतं. पडद्याआड बाईसाहेबांना डुलकी काढायची असेल. आग लागल्यावर आपला जीव घेऊन पळाली असेल.

तू तिला पाठीशी घालतेस हे तुझ्या पत्रातून दिसतं. एक ओळ लिहिलीस तिच्यावर, तीही हळूच. तुझं मन मऊ आहे, माझं नाही. मी अधीक्षकांना सविस्तर पत्र टाकलंय. या बाईला पुन्हा कोणत्याही पेशंटजवळ उभं करू नका, असं स्वच्छ लिहिलंय. माझ्या बापाचा जीव गेलाय. मी गप्प बसणार नाही.

तू जेवतेस का?

ताई

———

४ जून

ताई,

अधीक्षकांनी तुझं पत्र मला दाखवलं. आता मला लिहिलंच पाहिजे. तुझ्यापासून लपवणार होते, स्वतःसाठी नाही. पण मावशींच्या घरात त्यांच्याच पगारावर चूल पेटते, आणि त्यांनी काही केलेलं नाही.

पडदा मी ओढला.

घंटा वाजली तेव्हा धूर नव्हता. नुसती घंटा. मी हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि बाबांकडे गेले. पडदा ओढला. म्हटलं, "बाबा, सरावच आहे. डोळे मिटा." त्यांनी दोन ठोके दिले. मी उशी उभी केली. ताई, मी विचार केला नाही गं. ही ड्रिल आहे असंही मला वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी ड्रिल नव्हतीच. मला काहीच वाटलं नाही. हात गेले आणि करून आले.

मग दारातून धूर आला आणि मावशी ओरडल्या. त्यापुढे मला सगळं कळत होतं. कॉक बंद केला. ऑक्सिजनवरच्या बाईंना मी ओढत नेलं. कुठे चुकले नाही, कोणी गडबडलं नाही. मावशी दोनदा आत गेल्या, तोंडाला ओला पदर लावून. शेवटच्या खेपेला त्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. उशी उभी दिसली, परत फिरल्या. त्यांना शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. आणि सगळा वेळ माझ्या मनात कुठेतरी एक स्वस्थपणा होता की बाबांचं झालंय.

खाली अंगणात मी डोकी मोजली. एक मिळवला. आकडा मोठ्याने सांगितला. बरोबर आला म्हणून सगळे खाली बसले. मामा म्हणाले, "बाबांना कुठे ठेवलंय? जिन्यात होतो तेव्हा त्यांची टकटक ऐकली मी." त्यांना वाटलं होतं की बाबा खाली पोचलेत आणि खालच्या कठड्यावर वाजवतायत. मी विचारलं, किती ठोके. म्हणाले, एक. मग थांबून पुन्हा एक.

मी मागे वळले, ड्रिल संपली की वळते तशी, त्यांना "झालं, बाबा" सांगायला. समोर पडदा नव्हता. अंगण होतं.

आता तू म्हणशील ते.

बुटकी

———

१६ जुलै

ताई,

तुझं पत्र नाही. रोज टपालवाल्याला विचारते, आता तो मला बघून लांबूनच मान हलवतो. न लिहिण्याचा तुला हक्क आहे. तरी मी लिहिते, कारण दुसरं कोणी नाही ज्याला हे सांगता येईल.

चौकशीपुढे मी सगळं सांगितलं. मावशींना परत घेतलं. मला वाटलं होतं, निदान मला काढतील. नाही काढलं. "तुमच्या वॉर्डातले बाकी सगळे वाचले, दुसऱ्या वॉर्डात असतं तर निम्मेही निघाले नसते," असं म्हणाले. राजीनामा दिला, तो आमच्या मेट्रनने फाडला. शिक्षा मागूनही मिळत नाही गं. मावशी माझ्याशी पहिल्यासारख्याच वागतात. डबा उघडून समोर ठेवतात. ते मला सगळ्यांत जड जातं.

भिंतींना रंग देऊन वॉर्ड पुन्हा सुरू केलाय. कोपऱ्यातल्या पलंगावर आता एक आजी आहेत, कंबरेचं हाड मोडलेल्या. तोंडाने फटकळ. मी पडदा काढून टाकला, सळईसकट. उशी उभी करणं बंद केलं. ज्याला नेलं त्याचं नाव दारात पुकारायचं असं ठरवलं. कोणालाही वगळायचं नाही, मग तो रडो की शिव्या देवो.

काल ड्रिल झाली. पडदा नव्हता, उशी नव्हती. सगळे खाली आलो. मी मोजलं, आकडा मोठ्याने सांगितला, बरोबर आला. तेवढ्यात वरून खिडकीतून आजींचा आवाज, "अगं ए, मी काय इथे राखण करत बसू?"

मावशी त्यांच्या समोरून गेल्या होत्या. मामा गेले होते. मी गेले होते, पलंगाच्या पायाला माझा हात लागला होता. ताई, कोणीही त्यांच्याकडे बघितलं नाही. नाव पुकारलं गेलं नाही हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. आणि आकड्यात एक मी मिळवला होता. अंगणात कोणी हसलं नाही.

बाबांचा जीव गेला त्याने आम्हाला तो पलंग दिसायला लागला असेल, एवढाच मला आधार होता. तोही नाही. तू शिकवलंस ते हातांना इतकं पक्कं बसलंय की मरणानेही निघालं नाही. मला वॉर्डात पाय ठेवायची भीती वाटते. जाते, कारण आजी तिथे आहेत.

बुटकी

———

२५ जुलै

बुटके,

पत्र लिहायला रोज बसले. पहिल्या ओळीत तुला काय लिहू? तुझी चूक नाही, असं लिहिलं आणि फाडलं, कारण मग कोणाची ते लिहावं लागलं असतं. पडदा ओढ म्हणून मी सांगितलं. उशी मी सांगितली. एक मिळव, हेही मीच. आणि त्या गरीब बाईच्या पोटावर पाय द्यायला निघाले, तेही मीच, पलंगावर पडून. उंटावरून शेळ्या हाकायची सवय माझी. मावशींना मी वेगळं पत्र लिहिलंय. त्या उत्तर देणार नाहीत, देऊही नये.

हातांना शिकव म्हणाले होते. शिकलेलं विसरायला कसं लावायचं, ते मला माहीत नाही. इतकी वर्षं शिकवण्यात गेली, त्यात ते कधी आलं नाही. रात्रंदिवस तोच विचार केला, आणि मला एकच सुचलं.

मी येते. डॉक्टर नको म्हणतात, म्हणू देत. आजींना दुसऱ्या पलंगावर हलव आणि कोपऱ्यातल्या पलंगावर मला निजव. मेट्रनला सांग, जुनी मेट्रन आहे, पगार नको, जेवणही घरचं खाईल. मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आणि आता दुप्पट जड. रोज ड्रिल घ्या. मला चादरीत गुंडाळा, ओढा, जिन्यावर आपटा. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. मावशींना माझे पाय धरायला दे, त्यांना मला आपटावंसं वाटलं तर आपटू दे.

मला घंटा ऐकू येणार नाही. धावपळीचा आवाजही कळणार नाही. तू आलीस तर बाहेर, नाही आलीस तर तिथेच. त्यामुळे मी तिथे नाटक करणार नाही, खरोखरच पडून राहीन.

याने बाबा परत येणार नाहीत आणि आपल्या दोघींना पुढे कधी नीट झोप लागेल असंही मला वाटत नाही. पण त्या पलंगावर कोणीतरी येणार, बुटके, आज नाही तर उद्या. तो दिसला पाहिजे.

अंगठी मला दे, मी ती घालून निजेन. तुम्ही माझ्या समोरून पुढे गेलात तर कठड्यावर एक ठोका देईन. थांब तेव्हा.

ताई